भिंतीवरचा बेडूक

अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात ऑस्टिन नावाचे शहर आहे. तिथे एका भिंतीवर डोळे लांब दांड्यांवर आलेला, दिसायला अगदी भाबडा असा बेडूक रंगवलेला आहे. वर लिहिले आहे, ‘हाय, हाउ आर यू’. २००४ साली त्या दुकानाच्या जागी उपाहारगृह यायचे ठरले आणि भिंत जाणार असे दिसू लागले, तेव्हा गावकऱ्यांनीच आरडाओरडा करून बेडूक वाचवला. हा बेडूक डॅनियल जॉन्स्टन (१९६१–२०१९) याचा. तो गाणी रचणारा, गाणारा आणि चित्रे काढणारा.

मुळात हे चित्र त्याच्या १९८३ च्या कॅसेटवरचे. साध्या टेपरेकॉर्डरपुढे बसून तो स्वतःच वाजवायचा, गायचा. सुरुवातीला कॅसेटची नक्कल करण्याची सोय नव्हती, म्हणून दुसऱ्या कुणाला कॅसेट द्यायची तर सगळी गाणी पुन्हा पहिल्यापासून गायची! आईच्या बोलण्याही त्याने टेप करून ठेवल्या होत्या. (आपल्याकडच्या मुलांनी हे केले तर कॅसेटी पुरायच्या नाहीत.) मॅक्डोनाल्डमध्ये नोकरी करता करता तो या कॅसेटी लोकांच्या हातात ठेवी. १९९२ मध्ये निर्वाणा बँडचा कर्ट कोबेन हाच बेडूक छापलेला टी-शर्ट घालून वावरला आणि डॅनियलचे नाव दूरवर गेले.

त्याची चित्रे मार्कर पेनांनी साध्या कागदावर काढलेली. त्यात कॅप्टन अमेरिका, कॅस्पर हे प्रेमळ भूत, किंग काँग अशी मंडळी येतात. पॉप आर्टवाल्यांनीही कॉमिक्समधून चित्रे उचलली, पण थट्टेने, जरा लांबून. डॅनियलचे तसे नाही. धर्मभीरू घरात वाढलेल्या या मुलाला कॅप्टन अमेरिका हा सैतानाशी लढणारा खराखुरा सोबती वाटे. माझ्या मते त्याच्या चित्रांचा जीव इथेच आहे.

पण त्याच श्रद्धेची दुसरी बाजू भयंकर होती. त्याला गंभीर मानसिक आजार होता. १९९० मध्ये वडिलांच्या छोट्या विमानातून घरी परतताना आपणच कॅस्पर आहोत असे त्याला वाटले आणि त्याने विमानाची किल्ली बाहेर फेकून दिली. वडील जुने लढाऊ वैमानिक, त्यांनी विमान झाडांवर उतरवले म्हणून दोघे वाचले. त्यानंतर पुन्हा इस्पितळ, औषधे. आजारामुळेच कला फुलते, असे म्हणणारे रसिक भेटतात तेव्हा मला त्या वडिलांची आठवण होते. पुढे कित्येक वर्षे म्हाताऱ्या आईवडिलांनीच त्याला सांभाळले. ‘द डेव्हिल अँड डॅनियल जॉन्स्टन’ या २००५ च्या माहितीपटात हे दोघे पाहायला मिळतात. २००६ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात त्याची चित्रे लागली, तेव्हाही तो आईवडिलांच्या आधारानेच राहत होता.

२०१८ पासून ऑस्टिनमध्ये त्याच्या वाढदिवशी, २२ जानेवारीला, लोक एकमेकांना बेडकाचाच प्रश्न विचारतात, ‘कसे आहात?’ आणि उत्तर ऐकायला थांबतात.