स्टीव्ह करचा एक दिवस : ११ जून २०१५

पहाटे ३. एनबीएच्या अंतिम फेरीत क्लीव्हलंड कॅव्हलियर्स २-१ असे पुढे आहेत आणि लेब्रॉन जेम्स कुणालाच आवरत नाहीये. चौथा सामना आज रात्री, त्यांच्याच गावात. गोल्डन स्टेट वॉरियर्सचा २८ वर्षांचा सहायक निक युरेन मात्र जुन्या सामन्यांच्या चित्रफिती बघत बसलाय. २०१४ च्या अंतिम फेरीत सॅन अँटोनिओने लेब्रॉनच्याच मायामीविरुद्ध उंचापुऱ्या स्प्लिटरला बसवून बोरिस डिऑला सुरुवातीपासून उतरवलं होतं. युरेन मुख्य प्रशिक्षक स्टीव्ह करला मेसेज टाकतो : सात फुटी अँड्र्यू बोगटला बसवूया, आंद्रे इग्वोडालाला पहिल्या पाचात घेऊया.

सकाळ. न्याहारी, सहायकांशी खल, मग हलका सराव. स्टीव्हचं प्रशिक्षक म्हणून हे पहिलंच वर्ष. कागदावर हा बदल एका नावाचा, पण त्यामागची गोष्ट मोठी आहे. स्टीव्ह येईपर्यंत इग्वोडाला ७५८ सामने खेळला होता आणि प्रत्येकात पहिल्या पाचात होता. स्टीव्हने त्याला राखीव बसायला सांगितलं आणि तो वर्षभर बसला. अशा खेळाडूकडे असं काही मागण्याचा अधिकार नुसत्या पदाने मिळत नाही. स्टीव्ह स्वतः एनबीएत ९१० सामने खेळला, त्यातल्या फक्त ३० सामन्यांत तो पहिल्या पाचात होता. बाकी सगळी कारकीर्द बाकावरून उठून मैदानात जाण्यात गेली. तरीही खेळाडू म्हणून पाच विजेतेपदं त्याच्या नावावर आहेत. १९९७ च्या अंतिम सामन्यात शेवटची पाच सेकंदं उरली असताना मायकल जॉर्डनने चेंडू याच्याकडे दिला, तो उगाच नव्हे. तासभर बसून राहिलेल्या माणसाने अंग गार पडू न देता पहिलीच फेक अचूक टाकायची, हे किती अवघड आहे ते स्टीव्हला ठाऊक होतं.

दुपार विश्रांतीची. बदल ठरलाय, पण बाहेर चकार शब्द नाही.

संध्याकाळ. सामन्याआधीची पत्रकार परिषद; सकाळीही एक झालीच होती. संघात बदल आहे का, हा प्रश्न येतोच. स्टीव्ह सरळ नाही म्हणतो. खरं सांगणं म्हणजे समोरच्या प्रशिक्षकाच्या दारावर टकटक करून बेत कळवणं, आणि प्रश्न टाळला तरी संशय येणारच. मला हे खोटं क्षम्य वाटतं, कारण रात्र उलटायच्या आत त्याने ते स्वतःच कबूल केलं.

रात्री ९. आपल्याकडे तेव्हा १२ तारखेची सकाळ, साडेसहा. चेंडू उडतो आणि क्लीव्हलंड ७-० ने पुढे जातं. स्टीव्ह टाइमआउट घेतो. इथे कच्चा माणूस घाबरून बोगटला परत आणतो. स्टीव्ह आपला बेत सोडत नाही. ठेंगण्या, चपळ पाचांपुढे क्लीव्हलंडची दमछाक होते आणि पहिलं सत्र संपताना वॉरियर्स ३१-२४ ने पुढे असतात. क्लीव्हलंडचा मोझगोव्ह आपल्या उंचीच्या जोरावर २८ गुण करतो, ती किंमत स्टीव्हने आधीच धरलेली आहे. इग्वोडाला लेब्रॉनला चिकटून राहतो, त्याला २० गुणांवर रोखतो आणि स्वतः २२ करतो. निकाल १०३-८२.

सामन्यानंतर पुन्हा पत्रकार. सगळं श्रेय स्वतःच्या खिशात घालायला इथे पूर्ण मोकळीक होती. स्टीव्ह निक युरेनचं नाव घेतो. खेळाडू म्हणून मिळवलेल्या पाच अंगठ्यांपेक्षा मला हे मोठं वाटतं. बाकावर वर्षं काढलेल्या माणसालाच कोपऱ्यात बसलेल्याचा आवाज ऐकू येतो.

पुढचे दोन्ही सामने याच पाच जणांनी सुरू केले आणि जिंकले. १६ जूनला वॉरियर्सना ४० वर्षांनी विजेतेपद मिळालं. अंतिम फेरीचा सर्वोत्तम खेळाडू ठरला इग्वोडाला. त्या हंगामात साखळीतल्या एकाही सामन्यात तो पहिल्या पाचात नव्हता.