ताई महाराज प्रकरण : चौदा वर्षांच्या आरोपांचा मागोवा

कौंडण्यपुरापासून अमरावतीपर्यंत टिळकांना मानणारा आमचा वऱ्हाड ताई महाराज प्रकरणाला पुण्याचा खटला समजतो. पण त्यात टिळकांच्या बरोबरीने अमरावतीच्या दादासाहेब खापर्ड्यांचाही शब्द पणाला लागला होता.

सरदार बाबा महाराज पंडित ७ ऑगस्ट १८९७ रोजी वारले. मृत्युपत्राने टिळक आणि खापर्डे यांच्यासह काही विश्वस्त नेमले गेले. जून १९०१ मध्ये हे दोघे बाबा महाराजांच्या विधवा ताई महाराजांना घेऊन औरंगाबादला गेले. तिथे ताई महाराजांनी घेतलेल्या जगन्नाथ नावाच्या मुलाचे दत्तविधान झाले. पुण्यात परतल्यावर ताई महाराज फिरल्या. त्यांनी ते दत्तविधान नाकारले, प्रोबेट (मृत्युपत्राला कोर्टाने दिलेली मान्यता) रद्द करण्यासाठी अर्ज केला आणि कोल्हापूरचे बाळा महाराज दत्तक घेतले.

एप्रिल १९०२ मध्ये जिल्हा न्यायाधीश ॲस्टन यांनी प्रोबेट रद्द केले आणि खोट्या साक्षीसह अनेक आरोपांसाठी टिळकांना मॅजिस्ट्रेटकडे पाठवले. वारसाचा वाद होता, त्यातून तुरुंगाचा प्रश्न उभा राहिला. हायकोर्टाने प्रोबेट परत दिले, तरी फौजदारी थांबली नाही. ऑगस्ट १९०३ मध्ये टिळकांना दीड वर्षाची सक्तमजुरी आणि हजार रुपये दंड झाला. अपिलात शिक्षा सहा महिन्यांवर आली. मार्च १९०४ मध्ये हायकोर्टाने त्यांना निर्दोष सोडले.

दिवाणी दावा पुढे चालूच होता. १९०६ मध्ये खालच्या कोर्टाने जगन्नाथचे दत्तविधान ग्राह्य धरले. १९१० मध्ये, टिळक मंडालेच्या तुरुंगात असताना, हायकोर्टाने तो निकाल फिरवला. अखेर २६ मार्च १९१५ रोजी प्रिव्ही कौन्सिलने जगन्नाथचा हक्क कायम केला.

त्या निकालाचे मोल वारसाहक्कापुरते नाही. साक्षीदाराला खोटा ठरवायचे असेल, तर विरोधी पुरावा उलटतपासात त्याच्यासमोर ठेवून खुलाशाची संधी द्यावी, हे तत्त्व निकाल देणारे लॉर्ड शॉ यांनी त्यात मांडले. भारतीय न्यायालयांत आजही त्याचा आधार घेतला जातो.

याचा अर्थ खोटेपणाला मोकळीक द्यावी असा नाही; खोटा दावा लावणाऱ्याला शासन हवेच. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ३५-अ खालची भरपाई तीन हजारांच्या वर जात नाही, ती वाढलीच पाहिजे. पण शिक्षा मागणाऱ्यानेही आधी आरोप समोरासमोर मांडून सिद्ध करावा. ती पायरी वगळली, तर खोट्याला धाक बसण्याऐवजी खरे बोलणाराच साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहायला कचरेल.