चषकाचे सामने आणि बालखेळाडूंची जोपासना

शालेय फुटबॉलमध्ये सुब्रतो चषकाचे स्थान मानाचे आहे. वायुदलाचे पहिले भारतीय प्रमुख एअर मार्शल सुब्रतो मुखर्जी यांच्या नावाची ही स्पर्धा १९६० साली सुरू झाली. तालुका, जिल्हा, विभाग व राज्य अशा पायऱ्या चढून शाळेचा संघ अखिल भारतीय फेरीस पोहोचतो.

आपल्या जिल्ह्यात आठ तालुके आहेत. प्रत्येकी एक संघ बाद पद्धतीने खेळला असे धरल्यास सात सामन्यांत विजेता ठरतो. परंतु चार संघांस एकच सामना खेळून परतावे लागते. म्हणजे चषकाच्या सामन्यांत कौशल्याची परीक्षा होते, जोपासना होत नाही. ती शाळेच्या मैदानावरच वर्षभर व्हावयास हवी.

यास्तव केंद्रातील चार शाळांनी आपसांत साखळी सामने ठेवावेत. एकूण सहा सामने होतात व प्रत्येक शाळेच्या वाट्यास तीन येतात. लहान मुलांचे संघ पाच-पाच जणांचे करावेत. मैदान आखूड असले म्हणजे प्रत्येकाच्या पायाशी चेंडू वारंवार येतो आणि कोणी नुसते उभे राहत नाही. मोठ्यांच्या पाच क्रमांकाच्या चेंडूचे वजन ४१० ते ४५० ग्रॅम असते. लहानांस चार क्रमांकाचा हलका चेंडू द्यावा. डोक्याने चेंडू मारण्याचा सराव त्यांच्याकडून करवून घेऊ नये. इंग्लंडमध्ये २०२० सालापासून प्राथमिक वयाच्या मुलांच्या सरावातून तो वगळला आहे. आपल्याकडील काळ्या जमिनीस उन्हाळ्यात भेगा पडतात व त्यांत घोटा मुरगळतो. खेळण्यापूर्वी त्या बुजवाव्यात.

निवड करताना एक गोष्ट ध्यानी घ्यावी. वयोगट जन्मतारखेवरून ठरतो. एकाच गटात जानेवारीत जन्मलेला मुलगा डिसेंबरात जन्मलेल्यापेक्षा जवळजवळ एक वर्षाने मोठा असतो. त्याची उंची व बळ पाहून आपण त्यास निवडतो आणि चपळ, परंतु चणीने लहान अशा मुलास बाजूस बसवितो. वर्षभर न खेळलेला हा मुलगा पुढे खेळच सोडून देतो.

जन्मतारखेचा दाखला शाळेच्या नोंदवहीवरून दिला जातो. विजयाच्या मोहाने त्यात फेरफार झाल्यास एका खऱ्या बालखेळाडूची जागा जाते, आणि मुले शिक्षकाकडूनच असत्य शिकतात. चषक एका वर्षापुरता शाळेत राहतो. हा संस्कार मात्र जन्मभर राहतो. म्हणून मुख्याध्यापकांनी मूळ नोंद स्वतः पाहूनच दाखल्यावर सही करावी.