वेदना आणि व्यसन : तरुणांच्या आरोग्याचा एक दुर्लक्षित प्रश्न

बुलडाणा जिल्ह्याच्या मोताळा तालुक्यातील धामणगाव बढे हे शेतीवर जगणारे गाव. कपाशी व सोयाबीनच्या हंगामात पाठीवर फवारणीचा पंप घेऊन शिवारात फिरणे, पोती वाहणे अशी अंगमेहनतीची कामे अशा गावांतील तरुणांच्या वाट्याला येतात. येथे व्यसनमुक्तीचा विचार करताना एक बाब सहसा नजरेआड होते. दारूकडे वळणारा प्रत्येक तरुण चैनीसाठीच वळतो असे नाही. दुखरी कंबर रात्री झोपू देत नाही, म्हणूनही काही जण दारूचा आधार शोधतात.

दीर्घकालीन वेदना म्हणजे काय?

तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या वेदनेस दीर्घकालीन वेदना म्हणतात. ती केवळ वृद्धांचे दुखणे नव्हे. मणक्यांचा दाहक संधिवात बहुधा तरुण वयातच सुरू होतो. विदर्भाच्या पूर्व भागात अधिक आढळणाऱ्या सिकलसेल आजारात लहानपणापासूनच असह्य वेदनांचे झटके येतात. जुनी दुखापत व अर्धशिशी हीदेखील नित्याची कारणे आहेत. अशी वेदना बाहेरून दिसत नाही. त्यामुळे 'कामचुकार' हा शिक्का मात्र लवकर बसतो.

आराम क्षणाचा, हानी कायमची

दारूने वेदना काही काळ बोथट होते, हे खरे आहे. या विषयावरील १८ प्रयोगांचा एकत्रित आढावा २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार असा परिणाम स्पष्ट दिसण्यासाठी १०० मिलिलिटर रक्तात सुमारे ८० मिलिग्रॅम मद्यार्क असावा लागतो. आपल्या देशात वाहनचालकासाठी कायद्याची मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे. म्हणजेच आरामासाठी या मर्यादेच्या अडीचपटीहून अधिक नशा हवी. पुढे शरीराला सवय होऊन तेवढ्याच आरामासाठी मात्रा वाढवावी लागते. नशा उतरताच झोपमोड होते आणि वेदना अधिक तीव्र जाणवते. अशा रीतीने ज्या दुखण्यासाठी दारू घेतली, तेच दुखणे दारू वाढविते.

औषधांसोबत तर धोका अधिकच. नित्य मद्यपान करणाऱ्याने पॅरासिटामॉल अधिक प्रमाणात घेतल्यास यकृतास इजा होते. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या गोळ्यांसोबत दारू घेतल्यास जठरात रक्तस्राव होऊ शकतो. झोपेच्या किंवा अफूजन्य वेदनाशामक औषधांसोबत घेतल्यास श्वास मंदावून मृत्यूही ओढवू शकतो. सिकलसेलच्या रुग्णाच्या शरीरातील पाणी दारूने कमी होते व त्यातून नवा झटका येऊ शकतो.

गावाने काय करावे?

वर्धा जिल्ह्यात १९७५ पासून व गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. बंदीने दारू दुर्मीळ होईल; परंतु वेदनेवर उपचार झाले नाहीत, तर तिच्यापासून सुटकेची ओढ कायम राहते. म्हणून आरोग्यसेवकाने व्यसनी तरुणास 'किती पितोस?' याबरोबरच 'कुठे दुखते?' हेही विचारावे. निदान झाल्यास योग्य औषधे, व्यायाम व भौतिकोपचार यांनी पुष्कळ आराम पडतो. सिकलसेलसाठी २०२३ साली राष्ट्रीय निर्मूलन अभियान सुरू झाले असून हायड्रॉक्सियुरिया या औषधाने झटके कमी होतात.

दीर्घकाळ भरपूर पिणाऱ्याची दारू एकाएकी बंद करू नये. झटके, भ्रम असे जिवावरचे प्रसंग उद्भवू शकतात. ती वैद्यकीय देखरेखीखालीच सोडवावी. मानसिक आधारासाठी १४४१६ आणि व्यसनमुक्तीच्या सल्ल्यासाठी १४४४६ हे दूरध्वनी क्रमांक उपलब्ध आहेत.

वारंवार गैरहजर राहणारा किंवा खेळाच्या तासाला बाजूला बसणारा विद्यार्थी शिक्षकांच्या दृष्टीस प्रथम पडतो. अशा मुलाला आरोग्य केंद्रापर्यंत पोहोचविणे आणि त्याच्या दुखण्यावर विश्वास ठेवणे, हे व्यसनमुक्तीचे पहिले पाऊल होय. ग्रामसभेत दारूचा विषय निघेल तेव्हा पंचायत सदस्यांनी वेदनेच्या उपचाराचा विषयही त्यासोबत घ्यावा.