चोर सोडून कार्बोरेटरला फाशी

गाडी झटके मारायला लागली की पहिला पाना कार्बोरेटरला लागतो. यामाहा आरएक्स-१०० असो, जुनी बुलेट असो की सुरुवातीची स्प्लेंडर, निदान ठरलेलं असतं: ‘कचरा आलाय.’ कधी कधी तो खरोखर आलेलाही असतो. पण कार्बोरेटर धुतला, गाडी चार दिवस बरी चालली आणि पुन्हा तेच, असं ज्यांचं होतं त्यांनी संशयितांची यादी जरा वाढवायला हवी.

थोडं अंतर जाऊन गाडी बंद पडते आणि जरा थांबलं की पुन्हा चालू होते? टाकीचं झाकण उघडून बघा. झाकणातलं हवेचं बारीक छिद्र बुजलं की पेट्रोल खाली उतरेनासं होतं. झाकण सैल केल्यावर गाडी सुरळीत चालली, तर कार्बोरेटर निर्दोष. अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावरही इंजिनाचा आवाज खाली बसत नसेल, तर आधी केबल अडकत नाही ना ते बघा. मग कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधलं रबर वाकवून त्यात भेगा शोधा. तिथून आगंतुक हवा आत शिरते. पावसात भिजल्यावरच मिसिंग होत असेल तर प्लगची कॅप आणि कॉइल तपासा. प्लगवर कोरडी काळी काजळी असेल तर एअर फिल्टर. एवढं सगळं बघायला कार्बोरेटर उतरवण्याइतकाही वेळ लागत नाही.

कार्बोरेटर पेट्रोल फवारतो, ही समजूतही तपासून घ्यायला हवी. आपल्याकडच्या बहुतेक साध्या कार्बोरेटरात कसलाही पंप नसतो. इंजिन हवा ओढतं, ती कार्बोरेटरच्या अरुंद गळ्यातून वेगाने जाते, तिथला दाब कमी होतो आणि खालच्या वाटीतलं पेट्रोल जेटमधून वर खेचलं जातं. १ ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ ग्रॅम हवा लागते, आणि हा हिशोब सांभाळतात ती पितळी जेटमधली छिद्रं. पायलट जेटचं छिद्र तर अनेक गाड्यांत अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक असतं.

म्हणूनच जेटमध्ये तार, टाचणी किंवा सुई घालून ‘साफ’ करणं हा जुन्या गाड्यांवरचा सर्वांत मोठा अन्याय. पितळ मऊ असतं. तारेने छिद्र किंचित रुंदावलं की पेट्रोल जास्त जायला लागतं आणि डोळ्यांना फरक काहीच दिसत नाही. पुढे वर्षभर मालक ‘अ‍ॅव्हरेज का पडलं’ म्हणून विचारत फिरतो! जेट कार्बोरेटर क्लीनरमध्ये भिजवा, कॉम्प्रेसरची हवा मारा आणि उजेडासमोर धरून छिद्र गोल व स्वच्छ दिसतं का ते बघा. जुनं पेट्रोल सुकून जी चिकट, पिवळी-तपकिरी पुटं धरतात, ती नुसत्या पेट्रोलने फडकं फिरवून निघत नाहीत. शिवाय खरी घाण बाहेर नसतेच. ती आतल्या वाहिन्यांत असते. मात्र क्लीनर मारण्याआधी ओ-रिंग, डायफ्राम असलाच तर तो, आणि फ्लोटची नीडल बाजूला काढायला विसरू नका. तो द्रव रबर फुगवतो. डोळ्यांवर चष्माही हवा, कारण एका छिद्रात मारलेला फवारा भलत्याच छिद्रातून थेट तोंडावर येतो.

आता स्क्रू. ‘जरा स्क्रू फिरवून अ‍ॅव्हरेज वाढवून द्या’ ही फर्माईश प्रत्येक गॅरेजात ऐकू येते. पण मिश्रणाच्या त्या छोट्या स्क्रूचा अंमल स्लोवर आणि अ‍ॅक्सिलरेटर अगदी थोडा उघडेपर्यंतच चालतो. त्यापुढे स्लाइडची कड आणि मधली निमुळती सुई काम करते, आणि पूर्ण उघडल्यावर मेन जेट. हायवेवर ठरावीक वेगाने जाणारी गाडी सुईच्या ताब्यात असते. तिथे बदल करायचा तर सुईची क्लिप एका खाचेने वर-खाली करावी लागते. क्लिप खालच्या खाचेत गेली की सुई वर उचलली जाते आणि पेट्रोल वाढतं.

स्क्रू कोणत्या बाजूला फिरवायचा यावर तर छातीठोकपणे उलटसुलट सांगणारे भेटतात, आणि गंमत म्हणजे दोघेही बरोबर असू शकतात. स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवा नियंत्रित करतो. आत फिरवला की हवा कमी, म्हणजे पेट्रोलचं प्रमाण जास्त. स्क्रू इंजिनाच्या बाजूला असेल तर तो पेट्रोल किंवा मिश्रण नियंत्रित करतो. आत फिरवला की पेट्रोल कमी. गरम इंजिनावर हळूहळू फिरवत स्लो जिथे सर्वांत स्थिर लागतो, तिथे थांबायचं.

पेट्रोल कमी करून अ‍ॅव्हरेज काढण्याचा हट्ट टू-स्ट्रोकमध्ये महागात पडतो. मिश्रण पातळ झालं की पिस्टन तापतो आणि जाम होऊ शकतो. आरएक्स-१०० मध्ये ऑइल वेगळ्या पंपाने येतं. जुन्या येझदीत मात्र ते पेट्रोलमध्येच मिसळतात, त्यामुळे पेट्रोल कमी केलं की वंगणही कमी होतं.

चोकचंही स्क्रूसारखंच. काही कार्बोरेटरांत चोक हवेची वाट अडवतो, तर काहींत पेट्रोलची एक जादा वाट उघडतो. दुसऱ्या प्रकारात अ‍ॅक्सिलरेटर पिळत किक मारली तर ओढ कमी होते आणि चोकचा उपयोगच राहत नाही.

१९८३ पासून एस्कॉर्ट्सने काढलेल्या राजदूत ३५० ला दोन सिलिंडर आणि दोन कार्बोरेटर. तिथे दोन्ही चकाचक धुऊन काम संपत नाही. दोन्ही स्लाइड एकाच क्षणी, सारख्याच उचलल्या गेल्या पाहिजेत. एक आधी आणि एक मागून उचलली गेली तर स्वच्छ कार्बोरेटर असूनही गाडी थरथरते. बोटाने नुसतं चाचपूनही केबलच्या ढिलाईतला फरक बऱ्यापैकी कळतो.

‘कॉक बंद करायची गरज नाही, फ्लोट आहे ना’ असं म्हणणाऱ्यांनी नीडलचं टोक भिंगातून बघावं. तिथे रिंगण पडलं असेल किंवा एखादा कण अडकला असेल, तर पेट्रोल रात्रभर झिरपतं: कधी जमिनीवर, कधी सिलिंडरमध्ये. फोर-स्ट्रोकमध्ये ते इंजिन ऑइलमध्ये उतरून ऑइल पातळ करतं.

आणि सध्याचं इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. त्याने लगेच जेट बुजतात असं नाही. इथेनॉल हवेतलं पाणी शोषतं आणि गाडी नुसती उभी राहिली की त्रास सुरू होतो. पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉलसह ते वेगळं होऊन तळाशी बसतं. कोकणात पावसाळाभर झाकून ठेवलेल्या गाडीच्या कार्बोरेटरच्या वाटीत म्हणूनच पांढरट बुरशीसारखा गंज सापडतो. जुन्या रबरी भागांनाही हे पेट्रोल मानवत नाही. गाडी महिनाभर वापरणार नसाल तर कॉक बंद करून वाटीच्या तळाचा स्क्रू सैल करा आणि पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्या. तळाशी वेगळा थर दिसला किंवा तांबूस कण दिसले, तर आधी टाकी रिकामी करून आतून साफ करा आणि कॉकची जाळी बदला; कार्बोरेटरला पाना त्यानंतर लावा.