थंडीने दगा दिलेली सकाळ

डिसेंबर जवळ आला की पुण्यातील अनेक घरांत पहाटे चारचे गजर वाजू लागतात. १९८३ मध्ये सुरू झालेल्या पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉनने या शहराला धावण्याची गोडी लावली. आज तळजाईच्या टेकडीपासून विद्यापीठाच्या रस्त्यांपर्यंत विशीपासून सत्तरीपर्यंतचे धावपटू आपल्याला रोज भेटतात. डॉक्टर म्हणून मला याचा आनंदच आहे. मात्र स्पर्धेच्या दिवशी थंडी असणारच, हे आपण गृहीत धरतो. बंगालच्या उपसागरात चक्रीवादळ उठले की इतक्या दूरच्या पुण्याचेही आकाश ढगाळते, रात्रीचा गारवा ओसरतो आणि हवा दमट होते. २०२४ च्या नोव्हेंबरअखेरीस ‘फेंगल’ वादळ पुदुच्चेरीजवळ किनाऱ्यावर धडकले, त्यानंतर पुणेकरांनी याचा अनुभव घेतलाच आहे.

काही वर्षांपूर्वी अशाच एका दमट सकाळी मी एका अर्धमॅरेथॉनच्या वैद्यकीय मदतकक्षात होतो. चाळिशीतील एक गृहस्थ अंतिम रेषेच्या थोडे अलीकडे थबकले आणि वळून उलट दिशेने चालू लागले. स्वयंसेवकांना वाटले, दमले असतील. कडेला उभ्या असलेल्या पत्नीने मात्र ओळखले. “अहो, इकडे कुठे?” या प्रश्नाला त्यांनी दिलेले उत्तर कोणालाच कळले नाही. अंग घामाने निथळत होते. त्यामुळे हा उष्माघात नसावा, असे क्षणभर माझ्याही मनात आले. गुदाशयातील तापमान मोजले तेव्हा ते ४१ अंश सेल्सिअस भरले.

घाम येत असतानाही उष्माघात

उन्हात बसलेल्या वृद्धाच्या उष्माघातात त्वचा बहुधा कोरडी पडते. श्रमामुळे होणाऱ्या उष्माघातात ती ओलीचिंब असू शकते. धावताना स्नायू जी ऊर्जा वापरतात, तिचा जेमतेम चौथा-पाचवा हिस्सा हालचालीसाठी खर्च होतो. उरलेल्या ऊर्जेची उष्णता होते. ती बाहेर टाकण्याचे आपले मुख्य साधन म्हणजे घामाचे बाष्पीभवन. हवा दमट असली की घाम अंगावरून नुसताच ओघळतो आणि आतली भट्टी धगधगत राहते. म्हणूनच केवळ तापमानाचा आकडा पाहून निर्धास्त होऊ नये.

अव्वल धावपटूही याला अपवाद नाहीत. डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांतून पुढे आलेले बेळगावचे फडेप्पा चौगुले १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावले आणि एकोणिसावे आले. तो दिवस गार व पावसाळी होता. याउलट २०१९ च्या दोहा जागतिक स्पर्धेत महिलांची मॅरेथॉन मध्यरात्री सुरू करूनही ६८ पैकी २८ जणींना ती पूर्ण करता आली नाही. तापमान ३२ अंशांच्या आसपास आणि आर्द्रता ७० टक्क्यांहून अधिक होती. २००७ मध्ये शिकागो येथे उकाड्यामुळे आयोजकांना मॅरेथॉन मध्येच थांबवावी लागली.

त्या सकाळी काय करावे?

उष्ण हवेची सवय शरीराला होते. परंतु त्यासाठी सुमारे १० ते १४ दिवस लागतात. अचानक तापलेल्या सकाळी ही सवय आपल्याजवळ नसते. तेव्हा घड्याळातील वेळेचे लक्ष्य त्याच क्षणी सोडून द्यावे, सुरुवातीपासून गती कमी ठेवावी आणि अधूनमधून चालावे. मागील आठवड्यात ताप किंवा जुलाब झाले असतील, रात्रभर झोप नसेल, तर धावूच नये. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी किंवा सर्दीचे औषध सुरू असल्यास आधी आपल्या डॉक्टरांशी बोलावे. धावण्यापूर्वी वेदनाशामक गोळी घेण्याची प्रथा मूत्रपिंडांना घातक ठरू शकते.

पाणी तहानेप्रमाणे प्यावे. प्रत्येक टेबलावर थांबून पोटभर पाणी पिणेही धोक्याचे आहे, कारण त्यामुळे रक्तातील सोडियम घटते. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांत ते कमी आढळले होते. डोके दुखणे, उलट्या, हातापायांना सूज आणि गोंधळलेपण ही त्याची लक्षणे. अशा व्यक्तीला आणखी पाणी पाजू नये.

आधी थंड करा, मग हलवा

धावणारी व्यक्ती असंबद्ध बोलू लागली, अडखळली, अकारण चिडली किंवा दिशा विसरली, तर तो थकवा समजू नये. तिचे नाव विचारा, आज वार कोणता ते विचारा. उत्तर चुकले तर तत्काळ मदत बोलवा आणि रुग्णवाहिकेची वाट पाहत हातावर हात ठेवून बसू नका. सावलीत न्या, जादा कपडे काढा, थंड पाण्याच्या टबात मानेपर्यंत बसवा आणि डोके पाण्याबाहेर धरून ठेवा. टब नसेल तर बर्फाच्या पाण्यात बुडवलेल्या चादरी सर्वांगावर घालून त्या सतत बदलत राहा आणि वारा घाला. पहिला अर्धा तास निर्णायक असतो. काखेतील तापमापकावर विसंबू नका, शुद्ध हरपत असेल तर तोंडाने काही देऊ नका आणि पॅरासिटामॉलही नको. या तापावर ते गुणकारी नाही.

त्या गृहस्थांना आम्ही चादरींनीच थंड केले. रुग्णालयात दोन दिवस राहून ते सुखरूप घरी परतले. नंतर त्यांनी सांगितले, “डॉक्टर, आदल्या दिवशी कणकण होती. पण सगळ्या गटाने एकसारखे टी-शर्ट शिवून घेतले होते. माघार कशी घ्यायची?”

वाचकहो, हा प्रश्न घरातच, आदल्या रात्री सोडवायला हवा. कोणत्या लक्षणांवर थांबायचे, हे जोडीदाराशी बोलून ठरवा. कारण मेंदू तापल्यावर तो निर्णय आपल्या हाती राहत नाही. पुढे एका उकाड्याच्या सकाळी हेच गृहस्थ निम्म्या वाटेवर थांबले, रिक्षा करून घरी गेले आणि पत्नीबरोबर पोहे खाऊन त्यांनी मला तसे फोनवर कळवले. त्यांनी पूर्ण केलेल्या सगळ्या शर्यतींपेक्षा त्या फोनचे मला अधिक कौतुक वाटले.