'मोकळी जमीन' : एका विशेषणाची किंमत

शब्दाच्या अर्थावरून वर्गात अख्खा तास घालविणे हा आम्हा भाषाशिक्षकांचा जुना शिरस्ता आहे. मुलांना वाटते, एवढ्याशा विशेषणासाठी गुरुजी कशाला घसा कोरडा करतात! त्यांना आम्ही मुंबईच्या गिरणगावाचा दाखला देतो. तेथे 'मोकळी' या एका विशेषणाच्या अर्थावर शेकडो एकर जमिनीचा निकाल लागला.

परळ, लोअर परळ, करी रोड, चिंचपोकळी आणि पूर्वीचे एल्फिन्स्टन रोड ही रेल्वे स्थानके एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. कामगारांच्या पाळ्या भोंग्याला भरत आणि सुटत, आणि स्थानकांचे जिने त्या हिशेबाने पुरे पडत. मुंबईत अशा ५८ गिरण्या आणि त्यांची सुमारे ६०० एकर जमीन होती. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. आमच्या शेजारच्या चंदगड, आजरा, गडहिंग्लज भागातील कित्येक घरांना हा इतिहास पुस्तकात वाचावा लागत नाही. तो त्यांच्या माजघरात बसलेला असतो.

उद्योग संपलेल्या अशा जमिनीला नगररचनेच्या शास्त्रात 'ब्राऊनफिल्ड' म्हणतात. तिला पुन्हा कामास लावणे हे पुण्यकर्मच, त्याबद्दल आमचे दुमत नाही. बंद पडलेली शेड आणि गंजलेली चिमणी कुणाच्याच पोटाला अन्न घालीत नाही. प्रश्न एवढाच, की नव्याने वसविताना तेथल्या माणसांना जागा ठेवली काय?

कागदावर ठेवली होती. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ क्रमांकाच्या नियमाने साधारण तीन वाटे सांगितले होते. एक महापालिकेला मैदाने-बागांसाठी, दुसरा म्हाडाला घरांसाठी आणि तिसरा मालकाला. १९९६ साली सरकारने नेमलेल्या समितीचे अध्यक्ष, वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी तर गिरण्यांच्या जमिनींचा सुटा सुटा नव्हे, एकत्र विचार करा असे सांगितले होते. एकत्र विचार केला म्हणजे रस्ते, चौक आणि स्थानकाकडे जाणाऱ्या पायवाटा यांना जागा काढता येते. सुटा विचार केला की प्रत्येक जण आपापल्या कुंपणापुरते पाहतो.

पुढे २००१ साली नियमात दुरुस्ती झाली. वाटणी 'मोकळ्या' जमिनीची, आणि मोकळी म्हणजे जिच्यावर आधीपासूनच बांधकाम नाही ती. शेड पाडून मोकळी झालेली जमीन त्यात धरायची नाही. आता गिरणीच्या आवारात शेड, गोदामे, बॉयलर यांखेरीज मोकळे ते किती असणार? वडिलार्जित वाड्याची वाटणी करताना वाडा बाजूला ठेवावा आणि अंगणाचे तेवढे तीन भाग करावेत, तसा हा प्रकार. बॉम्बे एन्व्हायर्न्मेंटल ॲक्शन ग्रुप ही संस्था न्यायालयात गेली. २००५ साली उच्च न्यायालयाने संस्थेच्या बाजूने कौल दिला, पण ७ मार्च २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फिरविला. अर्थ ठरला, आणि शहराचा वाटा आक्रसला.

उरलेल्या वाट्याचे मोल पाहावे. लोअर परळमधील मुंबई टेक्स्टाईल मिलची सुमारे १७ एकर जमीन राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने २००५ च्या लिलावात ७०२ कोटींना विकली. २०१२ साली खासगी व्यवहारात तिचे २,७२७ कोटी ठरले. सात वर्षांत जवळपास चौपट, आणि मधल्या काळात कापूस पिंजला गेला नाही की सूत कातले गेले नाही.

येथे भाषेचा प्रश्न येतो. नव्या इमारतींच्या जाहिरातींत लोअर परळ हे नाव खटकू लागले, तेव्हा कुणा विक्रेत्याच्या डोक्यातून 'अप्पर वरळी' निघाले. 'लोअर' हा शब्द तरी कोठे आपला होता, असे कुणी म्हणेल. पण 'परळ' आपले होते. गिरणगावची मराठी काही शुद्धलेखनाच्या पुस्तकातली नव्हती. ती साचेखाते, बदली, जॉबर, पाळी, खोली, गावकी या शब्दांची होती. अण्णा भाऊ साठे, शाहीर अमर शेख, नारायण सुर्वे यांनी ती साहित्यात नेली, आणि ती टिकविली खानावळींनी व नाट्यगृहांनी. गोवा मुक्तिसंग्रामात भाग घेतलेल्या प्रेमा पुरव यांनी १९७५ साली खानावळवाल्या बायकांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. गोव्याच्या वाचकांनी अभिमान बाळगावा असे ते काम. कामगार रंगभूमीचे माहेर असलेले परळचे दामोदर नाट्यगृह, १९२२ पासूनचे, २०२३ च्या नोव्हेंबरात पुनर्विकासासाठी बंद झाले.

जमीन वसली, पण स्थानक तेवढेच राहिले. २९ सप्टेंबर २०१७ रोजी सकाळी, भर पावसात, एल्फिन्स्टन रोडच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ जणांचा जीव गेला. कुणी हिंदीत फूल पडले म्हणाले आणि गर्दीने पूल पडला असे ऐकले, असे वाचलेल्या एका मुलीने चौकशीत सांगितल्याचे त्या वेळी छापून आले. भाषाशिक्षकाने अशा वेळी उच्चारावर बोट ठेवू नये, जिन्याच्या रुंदीवर ठेवावे. गिरण्यांच्या जागी दिवसभर माणसे ओतणारी कार्यालये आली आणि त्यांच्या पायाखालचा जिना जुन्या मापाचा राहिला. लष्कराला बोलावून नवा पादचारी पूल बांधला, तो २०१८ च्या फेब्रुवारीत खुला झाला. लोअर परळचा डिलाईल रोड पूल त्याच वर्षी जुलैत बंद केला, तो पुरता खुला व्हायला २०२३ चा नोव्हेंबर उजाडला.

जुलै २०१८ मध्ये एल्फिन्स्टन रोडचे 'प्रभादेवी' झाले. इंग्रज गव्हर्नराचे नाव गेले, गावदेवीचे आले. आम्हाला आनंदच झाला. पाट्यांच्या भाषेपायी आम्हा सीमाभागातल्या मंडळींची हयात गेली, तेव्हा पाटीचे महत्त्व आम्हाला कुणी सांगायला नको. मात्र त्या पाटीखालून रोज उतरणाऱ्यांत गिरणी कामगाराचा मुलगा असला, तर तो बहुधा लांबच्या उपनगरातून आलेला असतो.

आमच्या बेळगाव स्थानकाची नवी इमारतही २०२३ च्या फेब्रुवारीत झाली. तिच्या आसपासच्या जुन्या जमिनींचे पुढेमागे काही ठरेल, तेव्हा नकाशा आपल्या भाषेत मागावा आणि त्यातील विशेषणे नीट वाचावीत, असे आम्ही समितीच्या बैठकीत मांडले आहे. जिन्याची रुंदी किती फूट, हेही विचारावे.

गिरणी कामगारांच्या घरांसाठी दीड लाखांहून अधिक अर्ज आले होते. २०१२ च्या पहिल्या सोडतीत ६,९२५ घरे निघाली. पुढे पनवेलजवळचे कोन आले, मग शेलू आणि वांगणी. २०२५ च्या जुलैत कामगार आणि त्यांचे वारस आझाद मैदानावर जमले. त्यांचे म्हणणे एवढेच होते, की घर मुंबईतच हवे.